तळून उरलेल्या तेलातला ऑक्सिजन

वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी एवढंच लिहिलं होतं की तळून उरलेल्या तेलापासून उत्तम प्रतीचं डिझेल बनवता येतं, आणि ते घडवून आणतात ते उत्प्रेरक, म्हणजे स्वतः खर्ची न पडता रासायनिक क्रियेला वाट करून देणारे पदार्थ. त्यावर पत्रं आली, आणि त्यांत नेमके तेच प्रश्न आहेत जे विचारायला हवेत. माझी तेवीस वर्षं उत्प्रेरकांच्या प्रयोगशाळेत गेली, त्यांतली शेवटची अकरा फक्त वापरलेल्या तेलावर. त्यामुळे ही पत्रं मी दोन-दोनदा वाचली. काही उत्तरं लांबली आहेत, कारण विषयच तसा आहे.

प्रश्न : ताई, १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात डिझेलचं इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं असं मी वाचलंय. मग गाळून घेतलेलं तेल थेट गाडीत ओतलं तर काय बिघडेल? एवढा खटाटोप कशासाठी? (डिझेल गाडी चालवणारे एक ज्येष्ठ वाचक)

उत्तर : काका, तुम्ही वाचलंत ते खरं आहे. पण ते इंजिन साधं आणि संथ चालीचं होतं. आजच्या इंजिनात इंजेक्टरच्या केसाएवढ्या बारीक छिद्रांतून, हजार-दोन हजार बार दाबाखाली (एक बार म्हणजे साधारण आपल्या भोवतीच्या हवेचा दाब), इंधनाचा धुरळा उडतो. खाद्यतेल चाळीस अंशांवर डिझेलच्या साधारण दहापट दाट असतं. त्याचा धुरळा होत नाही, थेंब पडतात. ते अर्धवट जळतात, छिद्रांच्या तोंडाशी काजळी धरते, आणि न जळलेलं तेल पिस्टनच्या कडेनं उतरून वंगणात मिसळतं. कालांतरानं ते वंगण खळीसारखं होतं. गाडी पहिल्या दिवशी छान चालते, म्हणून माणूस फसतो.

दाटपणाचं मूळ तेलाच्या रेणूत आहे. ग्लिसरीनचा एक आखूड कणा आणि त्याला लटकलेल्या तीन लांब शेपट्या, बहुतेक सोळा किंवा अठरा कार्बनच्या. या शेपट्या म्हणजे मेदाम्लं. डिझेलमधले बरेचसे रेणू साधारण अशा एका शेपटीएवढेच असतात. म्हणजे आपल्याला हवं ते इंधन तेलात आधीच आहे, फक्त तीन-तीनच्या जुडीत बांधलेलं. ती जुडी कशी सोडवायची, हाच सगळा खटाटोप.

प्रश्न : बायोडिझेल आणि रिन्यूएबल डिझेल ही एकाच वस्तूची दोन नावं आहेत का? (विज्ञानाचे एक शिक्षक)

उत्तर : नाहीत. हा घोटाळा छापील मजकुरातही दिसतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

बायोडिझेल करताना तेलात मिथेनॉल, म्हणजे सगळ्यांत साधं अल्कोहोल, घालतात, थोडा सोडियम किंवा पोटॅशियमचा अल्कली उत्प्रेरक म्हणून टाकतात आणि साठ अंशांच्या आसपास ढवळत ठेवतात. मिथेनॉल ग्लिसरीनची जागा घेतं, जुडी सुटते आणि ग्लिसरीन जड असल्यानं तळाशी बसतं. हिशेब मांडला तर १०० किलो तेलाशी ११ किलो मिथेनॉलची क्रिया होते आणि जवळपास १०० किलो बायोडिझेल व १० किलो ग्लिसरीन मिळतं. प्रत्यक्षात मिथेनॉल दुप्पट घालतात, म्हणजे क्रिया मागे फिरत नाही, आणि उरलेलं परत काढून घेतात. यंत्रसामग्री साधी, दाब नाही, उष्णता बेताची. दाटपणा डिझेलच्या जवळ येतो.

पण शेपटीच्या टोकाला ऑक्सिजनचे दोन अणू तसेच राहतात. वजनानं ते जवळपास ११ टक्के भरतात, आणि त्या ११ टक्क्यांतून ऊर्जा मिळत नाही. डिझेलच्या एका किलोत ४३ मेगाज्यूलच्या आसपास ऊर्जा असते, बायोडिझेलच्या किलोत ३७-३८. शिवाय बायोडिझेल हवेतला ओलावा धरतं, फार दिवस ठेवलं तर हवा लागून चिकट होत जातं, आणि थंडीत लवकर गढुळतं. तरीही मी बायोडिझेलला कमी लेखत नाही. ते वंगण म्हणून चांगलं, काजळी कमी करणारं आणि छोट्या कारखान्यात बनू शकणारं इंधन आहे.

दुसऱ्या वाटेत मिथेनॉल लागत नाही, हायड्रोजन लागतो. तो ऑक्सिजनला पाणी करून बाहेर काढतो. मागे राहते ती नुसत्या कार्बन-हायड्रोजनची साखळी, खनिज डिझेलमध्ये असते तीच जात. हे रिन्यूएबल डिझेल. ऊर्जा किलोला ४४ मेगाज्यूलच्या घरात. इंधन किती चटकन पेट घेतं ते सांगणारा सिटेन क्रमांक नेहमीच्या डिझेलचा पन्नासच्या आसपास असतो, याचा सत्तरच्या वर जातो. माझ्या टेबलावर दोन्हींची एकेक बाटली असते. बायोडिझेल मधासारखं पिवळं. दुसरं पाण्यासारखं नितळ, जवळजवळ वासही नाही. भेटायला येणारे लोक नेहमी ही दुसरी बाटली उचलतात आणि विचारतात, हे खरंच तळणीतून आलंय?

प्रश्न : वापरलेलं तेल आणि ताजं तेल, कारखान्याच्या दृष्टीनं फरक काय? गाळून घेतलं की झालं ना? (एक गृहिणी)

उत्तर : ताई, गाळण्यानं कण जातात. तेलाच्या आत जे घडून गेलेलं असतं ते जात नाही.

तळताना तेल १७० ते १९० अंशांवर असतं. पदार्थातलं पाणी वाफ होऊन तेलातून जातं आणि जाताना काही जुड्या तोडतं, म्हणून मोकळी मेदाम्लं वाढतात. वरून हवा लागते, त्यानं तेलाचं ऑक्सिडेशन होतं. आणि काही रेणू एकमेकांना चिकटून मोठे होतात. काळवंडलेल्या कढईच्या कडेला जो लाखेसारखा थर बसतो तो त्याच जातीचा. यात मीठ, पाणी आणि पदार्थांतून आलेला फॉस्फरस यांची भर पडते.

बायोडिझेलला यातली मोकळी मेदाम्लं सर्वांत जास्त छळतात. अल्कली त्यांना भेटला की साबण होतो. १०० किलो तेलात ५ किलो मोकळं मेदाम्ल असेल तर ते ५ किलो तर हातचे जातातच, वर तो साबण तेल आणि ग्लिसरीन यांना एकमेकांत असा घुसळून टाकतो की थर वेगळे व्हायचं नावच घेत नाहीत. म्हणून अल्कली वापरण्याआधी मोकळी मेदाम्लं एक-दोन टक्क्यांच्या आत आणावी लागतात. त्यासाठी आधी गंधकाम्लासारखा आम्ल उत्प्रेरक घालून त्या मेदाम्लांचंच बायोडिझेल करून घेतात. ही क्रिया संथ असते आणि तिच्यात पाणी तयार होतं, ते काढावं लागतं.

हायड्रोजनच्या वाटेला मोकळ्या मेदाम्लांचं एवढं वावडं नाही. शेपटी बांधलेली असो की सुटी, हायड्रोजन तिच्यातला ऑक्सिजन काढतोच. वापरलेल्या तेलासाठी मला ही वाट अधिक योग्य वाटते, त्याचं हे मोठं कारण. पण तिथं बाकीची घाण जीवघेणी ठरते. एकदा आम्ही वेळ वाचवायला म्हणून शोषक मातीतून तेल काढायची पायरी गाळली. गाळणीतून काढलेलं तेल डोळ्यांना स्वच्छ दिसत होतं. अकराव्या दिवशी रिॲक्टरच्या, म्हणजे उत्प्रेरक भरलेल्या नळीच्या, दोन टोकांमधला दाबाचा फरक वाढायला लागला, चौदाव्या दिवशी प्रयोग थांबवला. नळी उघडली तर उत्प्रेरकाच्या वरच्या चार बोटं थरावर काळी, काचेसारखी पापडी बसली होती आणि गोळ्या एकमेकींना घट्ट चिकटल्या होत्या. तपासणीत सोडियम आणि फॉस्फरस सापडले, बाकी सगळा चिकटून मोठा झालेला तेलाचा अंश. खालचा उत्प्रेरक जवळपास नवा होता, पण त्याच्यापर्यंत तेल पोचतच नव्हतं. तेव्हापासून मी शोषक माती कधी सोडली नाही, आणि मुख्य उत्प्रेरकाच्या वर स्वस्तातल्या ॲल्युमिनाच्या (ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडच्या) मोठ्या गोळ्यांचा राखणदार थर ठेवते. घाण तिथं अडकते, तो थर बदलता येतो.

प्रश्न : हायड्रोजनच्या पद्धतीत उत्प्रेरक नेमकं काय करतो? आमच्या पुस्तकात निकेल-मॉलिब्डेनम एवढंच लिहिलंय. (रसायनशास्त्राची विद्यार्थिनी, दुसरं वर्ष)

उत्तर : तुझा प्रश्न मला सगळ्यांत आवडला.

आधी हिशेब कर. तिन्ही शेपट्या ओलेइक आम्लाच्या, म्हणजे अठरा कार्बनच्या आणि प्रत्येकी एक दुहेरी बंध असलेल्या, आहेत असा तेलाचा रेणू घे. त्यातला सगळा ऑक्सिजन पाणी करून काढायचा तर एका रेणूला हायड्रोजनचे १५ रेणू लागतात : तीन दुहेरी बंध भरायला ३, शेपट्या कण्यापासून तोडायला ३ आणि तीन शेपट्यांच्या टोकांचा ऑक्सिजन काढायला ९. वजनात मांडलंस तर १०० किलो तेलाला ३.४ किलो हायड्रोजन, आणि बाहेर ८६ किलो अठरा कार्बनची साखळी, १२ किलो पाणी, ५ किलो प्रोपेन. हा प्रोपेन म्हणजे ग्लिसरीनचा कणा. कागदावर स्वतः करून बघ, बेरीज जुळते.

आता उत्प्रेरक. निकेल आणि मॉलिब्डेनम ॲल्युमिनाच्या सच्छिद्र गोळ्यांवर बसवलेले असतात, पण धातूच्या रूपात नाही, सल्फाइडच्या, म्हणजे गंधकाशी जोडलेल्या, रूपात. मॉलिब्डेनम सल्फाइडचे कागदासारखे पातळ पापुद्रे असतात आणि खरं काम त्यांच्या कडांवर चालतं. कडेच्या एखाद्या गंधकाच्या अणूला हायड्रोजन ओढून नेतो, तिथं रिकामी जागा होते. त्या जागेत मेदाम्लाचा ऑक्सिजन येऊन टेकतो, आणि शेजारून आलेला हायड्रोजन त्याचा कार्बनशी असलेला बंध तोडतो. ३०० ते ४०० अंश तापमान आणि कित्येक दहा बार हायड्रोजनचा दाब, अशा वातावरणात हे अखंड चालतं.

यातून एक गोष्ट निघते जी पहिल्यांदा ऐकताना चमत्कारिक वाटते. खनिज तेलात गंधक मुळातच असतं, त्यामुळे तिथं हा उत्प्रेरक आपोआप सल्फाइड राहतो. तळणीच्या तेलात गंधक जवळजवळ नसतंच. मग तयार होणारं पाणी हळूहळू कडांवरचं गंधक हाकलतं आणि उत्प्रेरक मंदावतो. म्हणून स्वच्छ तेलात आम्ही मुद्दाम थोडं गंधकाचं संयुग मिसळतो. ज्या इंधनात गंधक नसावं म्हणून सगळं जग झटतं, त्याच्या कच्च्या मालात ते घालायचं, आणि शेवटी वायू होऊन बाहेर पडलेलं गंधक पकडून ठेवायचं.

ऑक्सिजन पाणी होऊनच निघतो असंही नाही. काही वेळा शेपटीचं टोकच तुटतं आणि तो कार्बन डायऑक्साइड किंवा कार्बन मोनॉक्साइड होऊन जातो. मग अठराची साखळी सतराची होते. मिश्रणातले रेणू वेगळे करून दाखवणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफ या यंत्राच्या आलेखावर सतरा आणि अठराचे सुळके शेजारी-शेजारी उभे दिसतात, आणि त्यांच्या उंचीवरून कळतं की उत्प्रेरकानं कोणती वाट धरली. मॉलिब्डेनम सल्फाइड एकटं असेल तर अठराचा सुळका उंच, निकेल सल्फाइड एकटं असेल तर सतराचा, दोघं एकत्र असतील तर दोन्ही. सतराच्या वाटेनं हायड्रोजन कमी लागतो, पण दर साखळीमागे एक कार्बन हातचा जातो. शिवाय कार्बन मोनॉक्साइड उत्प्रेरकाच्या त्याच जागा अडवतं आणि त्यातलं काही मिथेन होताना वाचलेला हायड्रोजन परत खातं. चांगली वाट कोणती, हे हायड्रोजन कुठून येतो त्यावर ठरतं. याचं एकच उत्तर कुणी देत असेल तर त्याला पुढचा प्रश्न विचार.

आणखी एक. हे सगळं करून जी साखळी मिळते ती सरळ असते, आणि सरळ अठराची साखळी २८ अंशांनाच गोठते. पहिल्यांदा आम्ही ते द्रव बाटलीत भरून ठेवलं, दुसऱ्या दिवशी सकाळी बाटली उलटी केली तर थेंब सांडला नाही. आत पांढरंशुभ्र मेण होतं. सिटेन क्रमांक अप्रतिम, पण टाकीत मेणबत्ती घेऊन कोण फिरणार? म्हणून दुसरा टप्पा लागतो. तिथं प्लॅटिनम लावलेला, झिओलाइटसारखा, म्हणजे रेणूंच्या मापाच्या अरुंद भोकांच्या खनिजासारखा, उत्प्रेरक असतो. त्या भोकांत सरळ साखळी जेमतेम शिरते, तिला बाजूला एखादी छोटी फांदी फुटते, आणि फांद्या असलेल्या साखळ्या एकमेकींवर नीट रचल्या जात नाहीत, म्हणून गोठत नाहीत. इंधन उणे वीस अंशांच्या खालीही वाहतं. हा प्लॅटिनमचा उत्प्रेरक मात्र गंधकानं मरतो. पहिल्या टप्प्याला गंधक हवं, दुसऱ्याला नको. त्यामुळे दोन टप्प्यांच्या मध्ये गंधक आणि पाणी पूर्ण काढावं लागतं, आणि कारखान्याची निम्मी अक्कल तिथं लागते.

प्रश्न : अंड्याच्या टरफलांपासून उत्प्रेरक बनतो अशी बातमी वाचली. खरं आहे का? (एक वाचक)

उत्तर : खरं आहे. टरफल म्हणजे बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेट. ९०० अंशांच्या आसपास भाजलं की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, चुनकळी राहते, आणि चुनकळी बायोडिझेलसाठी उत्प्रेरक म्हणून चालते. घन असल्यानं गाळून परत वापरता येते, हा मोठा फायदा. पण ती थोडी-थोडी मिथेनॉलमध्ये विरघळते, उघडी ठेवली तर हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड शोषून निकामी होते, आणि मोकळी मेदाम्लं भेटली की तिचाही साबण होतो. म्हणजे स्वच्छ तेलाला ती चांगली, नेमकी वापरलेल्या तेलाला अवघड. बातमी वाचताना प्रयोग कोणत्या तेलावर केला होता ते आधी बघत जा.

प्रश्न : घरी थोडंसं बायोडिझेल करून पाहावं म्हणतो. कृती द्याल का?

उत्तर : देणार नाही, आणि तुम्हीही करू नका. मिथेनॉल पोटात गेलं तर दृष्टी जाते, जीवही जातो. त्याची वाफ आणि त्वचेवर सांडलेलं मिथेनॉल, दोन्ही घातक. ते ६५ अंशांना उकळतं, म्हणजे क्रियेच्या तापमानाच्या अगदी काठावर, आणि त्याची ज्योत उजेडात दिसतही नाही. प्रयोगशाळेत आम्ही हे धूर ओढणाऱ्या कपाटाशिवाय करत नाही.

प्रश्न : विमानं या इंधनावर उडतात का? (एक शाळकरी वाचक)

उत्तर : उडतात. २८ नोव्हेंबर २०२३ रोजी व्हर्जिन अटलांटिकचं बोइंग ७८७ लंडनहून न्यूयॉर्कला खनिज इंधनाचा थेंबही न वापरता गेलं. त्यातलं ८८ टक्के इंधन टाकाऊ चरबी-तेलांपासून, हायड्रोजनच्याच पद्धतीनं केलेलं होतं. उरलेलं १२ टक्के काय होतं ते तुला आवडेल. ते वनस्पतींच्या साखरेपासून केलेले, कड्यासारख्या आकाराचे रेणू होते. त्यांना ॲरोमॅटिक म्हणतात. इंजिनातल्या काही रबरी चकत्या या रेणूंमुळे फुगून घट्ट बसतात. तेलापासून केलेल्या इंधनात ते जवळजवळ नसतात, म्हणून नेहमीच्या उड्डाणांत हे इंधन खनिज इंधनात जास्तीत जास्त निम्मं मिसळायची परवानगी आहे. २०११ पासून हा नियम आहे. आणि विमानाला साखळ्या आखूड लागतात, कारण तिथलं इंधन उणे ४७ अंशांपर्यंत गोठून चालत नाही. म्हणून अठराची साखळी उत्प्रेरकावर आणखी तोडावी लागते, आणि त्यात काही भाग फारच आखूड होऊन वाया जातो.

प्रश्न : हायड्रोजन बनवताना प्रदूषण होतंच ना? मग यात हिरवं काय? आणि हे सगळ्या जगाला पुरेल का? (दोन पत्रांतले प्रश्न एकत्र केले आहेत)

उत्तर : होतं. आज बहुतेक हायड्रोजन नैसर्गिक वायूपासून बनतो आणि दर किलोमागे ९-१० किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. वरचा हिशेब घ्या : १०० किलो तेलाला ३.४ किलो हायड्रोजन, म्हणजे तीसेक किलो कार्बन डायऑक्साइड. त्यातून मिळालेलं ८६ किलो इंधन जाळलं की २६८ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. पण तो वनस्पतींनी अलीकडेच हवेतून घेतलेला, जमिनीखालून उपसलेला नव्हे. तेव्हा खऱ्या खर्चात धरायचे ते तीस किलो, अधिक तेल गोळा करण्याचा, वाहतुकीचा आणि कारखान्याचा खर्च. तो प्रोपेन परत वापरून हायड्रोजन केला किंवा अपारंपरिक विजेनं पाण्यातून काढला, तर हे तीस किलोही घटतात.

पुरेल का, याचं उत्तर नाही असं आहे. लोक तळतात तेवढंच तेल उरणार, त्याहून थेंब जास्त नाही. मला काळजी वाटते ती इथेच. वापरलेल्या तेलाला ताज्या तेलाहून जास्त भाव मिळायला लागला की ताजं तेल वापरलेलं म्हणून विकायचा मोह होतो, आणि मग इंधनासाठी नव्यानं जंगल तुटतं. म्हणून हे इंधन विजेवर चालणं अवघड आहे तिथं, विमानांत आणि लांबच्या जड वाहतुकीत, जावं असं माझं ठाम मत आहे. शहरातल्या मोटारीत ते जाळू नये.

प्रश्न : आमच्या इमारतीत वापरलेलं तेल गोळा करायचं ठरलंय. ते देताना आम्ही काय काळजी घ्यावी? (एक वाचक)

उत्तर : हे वाचून मला मनापासून बरं वाटलं. तेल पूर्ण गार होऊ द्या, मग बारीक गाळणीतून गाळा. भांडं कोरडं हवं, कारण पाण्याचा ओलावा राहिला की साठवणीतही मेदाम्लं सुटी होत राहतात. घट्ट झाकणाचं भांडं घ्या, शक्य तितकं तोंडापर्यंत भरा म्हणजे आत हवा कमी राहील, आणि अंधाऱ्या, गार जागी ठेवा. तांब्या-पितळेचं भांडं नको, तांबं तेलाचं ऑक्सिडेशन वाढवतं. भांडी धुतलेलं साबणाचं पाणी, गाडीचं वंगणतेल किंवा रंगाचं टर्पेंटाइन त्यात चुकूनही मिसळू नका. वंगणातले जस्त आणि फॉस्फरस उत्प्रेरकाला कायमचे लागतात, आणि एका घरचा अर्धा डबा सगळ्या पिंपाला पुरतो. डब्यावर तारीख लिहा आणि महिन्याच्या आत द्या.